कोकणात जाताना: दूध-तूप सोडलेल्यांची तयारी

तयारीतलं सगळ्यात मोठं काम बॅग भरण्याच्याही आधीचं आहे, ते म्हणजे फोन. खोली बुक करताना जेवणाचं बोललात तरी ते कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून पोचायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सातच्या आत, पुन्हा एकदा फोन करायचा. घरगुती खानावळीत उद्या काय शिजणार ते आज रात्री काय भिजत घातलं यावर ठरतं. काळे वाटाणे पाण्यात पडले तर उद्या उसळ, नाहीतर बटाटा. वालाचं बिरडं खायची इच्छा असेल तर दोन दिवस आधी सांगा. वाल भिजणार, त्यांना मोड येणार, मग कुणीतरी बसून ते सोलणार, त्यात घाई चालत नाही.

फोन शक्यतो जिच्या हातात कालथा आहे तिच्याशीच व्हावा. बुकिंग घेणारा मुलगा सगळ्यालाच "होईल, होईल" म्हणतो आणि ते स्वयंपाकघरापर्यंत जात नाही. व्हीगन (म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणारे) वगैरे सांगत बसू नका, सरळ पदार्थ मोजा: "काकू, दूध, दही, ताक, तूप, लोणी यातलं काही चालत नाही. अंडं, मासे, सुकटही नको. तेल, नारळ, गूळ, कांदा-लसूण सगळं चालतं." शेवटचं वाक्य गाळू नका. नकोची यादी ऐकून काकू काळजीत पडलेल्या असतात; नारळ चालतो म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडतो. "उपास आहे का?" असं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा, नाहीतर तुपातली साबुदाण्याची खिचडी आलीच म्हणून समजा.

आता कुठे जेवायचं. दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर, गणपतीपुळे या बाजूला शाकाहारी घरगुती जेवणाच्या जागा पुष्कळ, आणि दूध-तूप सोडलेला माणूस साहजिकच तिकडे वळतो. माझं मत थोडं उलटं आहे. शाकाहारी घरात पाहुणचार म्हणजे तूप. सकाळी मऊभातावर मेतकूट आणि तूप, दुपारी वरणभातावर तूप, मोदक फोडून त्यात तूप, आणि शेवटी मठ्ठा. यजमानीण तूप वाढते ते प्रेमानं, आणि तुम्ही पानावर हात आडवा धरेपर्यंत धार पडलेली असते. अशा घरी जायचंच असेल तर पानावर बसण्याआधी, वाढप सुरू व्हायच्या आत, पुन्हा एकदा आठवण करून द्या. फोनवर सांगितलं होतं यावर विसंबू नका, कारण शिजवणारी आणि वाढणारी कित्येकदा वेगळी असते.

याउलट मालवण, वेंगुर्ला, अलिबागच्या मासे शिजवणाऱ्या खानावळींत दुधाचा वावर मुळातच कमी. माशांबरोबर दूध-दही खाऊ नये ही समजूत तिथे पक्की, त्यामुळे ताटात दह्याच्या जागी सोलकढी असते आणि रश्श्याला दाटपणा येतो तो भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपानं. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, किंवा आंबोळी आणि उसळ, हे जेवण कुणीही काहीही न बदलता तुमच्यासाठी चालतं. तिथे विचारायचं ते वेगळंच असतं. भाजीत जवळा, सुकट किंवा सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी-मासळी, घातलीय का? वांग्यात, दोडक्यात, शेवग्याच्या शेंगांत मूठभर सोडे टाकणं ही तिथली भाजी करण्याचीच रीत आहे, त्यामुळे "मासे नकोत" एवढ्यानं भागत नाही. सोडे, सुकट, जवळा अशी नावं घेऊनच विचारावं लागतं. दुसरा प्रश्न तेलाचा. ज्या कढईत बोंबील तळले तिच्यातच वडे पडणार असतील तर भाकरी सांगा, तांदळाच्या भाकरीत पीठ, पाणी आणि मीठ याखेरीज काही नसतं. तिसरा प्रश्न तर्रीचा: उसळीवर ओतलेला लाल तवंग उसळीचाच आहे ना, की चिकनच्या पातेल्यातला?

वारही बघून ठेवा. सोमवार, गुरुवार, शनिवार यांपैकी एखाददुसरा वार पुष्कळ घरं मासे-मटण न खाता पाळतात, मार्गशीर्षातले गुरुवार आणि श्रावण तर बहुतेक ठिकाणी. मासे खाणाऱ्या गावात तुमचा मुक्काम अशा वारी पडला तर स्वयंपाकघरच तुमच्या बाजूनं असतं. गणपतीचे दिवस मात्र दुधारी. घराघरांत नैवेद्याचं उत्तम जेवण, पण छोट्या खानावळी बंद, कारण चालवणारी माणसं आपापल्या घरच्या गणपतीत. त्या दिवसांत ऋषिपंचमीला कुणाच्या घरी बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. बैलाच्या श्रमाचं खायचं नाही असा त्या दिवसाचा दंडक, आणि परसातल्या कंदांची, पाल्याची, मक्याची ती एकत्र भाजी म्हणजे तुमच्याच पंगतीतली. तूप घातलंय का, तेवढं विचारून घ्या.

महिना निवडता येत असेल तर फेब्रुवारी-मार्च धरा, ओल्या काजूगरांची उसळ तेव्हाच मिळते, आणि थोडं पुढे कोवळ्या फणसाची भाजी. एप्रिल-मेमध्ये आंबा असतो खरा, पण गर्दी आणि भावही असतात. त्यातून हॉटेलातल्या आमरसात दूध मिसळलेलं असण्याची शक्यता बरीच. त्यापेक्षा रायवळ आंब्याचं कोयाडं किंवा सासव मिळतंय का बघा. हिवाळ्यात रायगडात पोपटी लागते. मडक्यात वालाच्या शेंगांबरोबर अंडी आणि कोंबडीही भरतात, तेव्हा तुमचं मडकं वेगळं लावायला सांगा. शेतावर ते अवघड नसतं. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते म्हणून पावसाळा सोपा जाईल असं वाटतं, पण घडतं उलटं. ताजी मासळी नसली की आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेली सुकी मासळी बाहेर निघते आणि भाज्यांत शिरते. टाकळा, भारंगी, फोडशी या रानभाज्या त्याच दिवसांतल्या, सोडू नयेत अशा. शेवळांना मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका, त्यांत सोडे किंवा कोलंबी घालायची पद्धत जुनी आहे.

जे पदार्थ नावावरून निर्धोक वाटतात त्यांची थोडी चौकशी लागते. सोलकढी नारळाच्या दुधाची, म्हणजे आपलीच. पण हॉटेलात ती नारळाच्या दुधाच्या पावडरीची असू शकते आणि त्यातल्या बऱ्याच पावडरींत दुधातलं केसीन असतं. "नारळ खवून काढलाय ना?" हा प्रश्न पुरतो. शंका राहिली तर तिवळ मागा, आगळ (कोकमाचा रस) आणि पाण्याचं, त्यात नारळही नाही. उकडीच्या मोदकाच्या सारणात काही अडचण नाही, उकडीत असते: पाण्यात तूप किंवा लोणी घालतात, काही घरी निम्मं दूधही. आधी सांगितलं तर तेल घालून तितकीच चांगली उकड होते. शिरवाळे (तांदळाच्या शेवया) आणि गूळ घातलेला नारळाचा रस हे गोड तर जणू तुमच्यासाठीच केलेलं. खापरोळीही तशीच. नारळाच्या वडीत दूध असू शकतं, आंबावडीत आणि आंब्याच्या मोदकांत खवा. मालवणी खाजं, आंबापोळी, फणसपोळी बिनघोर घ्या.

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीच्या मोठ्या हॉटेलांबद्दल फार लिहीत नाही. तिथे शाकाहारी म्हणजे पनीर आणि बटर, नानच्या पिठात दही, डाळीला वरून लोणी. उडप्याकडे इडली-सांबार, डोसा तेलावर, आणि चटणीत दही नाही याची खात्री, एवढं पुरे. एसटी स्टँडवरची मिसळ, बटाटावडा, कांदाभजी ही मोठ्या हॉटेलापेक्षा जास्त भरवशाची. व्हीगन जागा दाखवणारी ॲप मुंबई-पुण्यात आणि गोव्यात कामाला येतात; मधल्या किनाऱ्यावर त्यांच्या भरवशावर उपाशी राहाल.

प्रवासाचं पहिलं जेवण घरून न्या. कोकण रेल्वेत वडापाव मिळतो, पण थाळी घेतली की पनीर आणि दह्याचा डबा सोबत आलाच. प्रवासाच्या पारंपरिक दशम्या दुधात भिजवलेल्या असतात, तेव्हा तिखटमिठाच्या पुऱ्या, तेलाचं मोहन घालून, आणि कोरडी चटणी. पिशवीत शेंगदाणे, फुटाणे, खजूर, मेतकूट ठेवा. एक छोटी बाटली घाण्याच्या शेंगदाणा तेलाची न विसरता घ्या, कारण तूप नको म्हटल्यावर तुमचा भात कोरडा राहतो आणि वाढणाऱ्या काकूंना ते बघवत नाही. मऊभात-मेतकुटावर कच्चं तेल घेतलं की दोघांचंही समाधान होतं. चहाबाजांनी सोया दुधाचे छोटे खोके न्यावेत. जिल्ह्याच्या गावी ते मिळालेच तर नशीब, खेड्यात धरून चालू नका. नाहीतर गवती चहा घातलेला कोरा चहा, तो कुठल्याही टपरीवर करून देतात. बी-१२ ची गोळी घेत असाल तर ती रोजच्या औषधांच्या डबीत, वेगळ्या पुडीत नको.

वाटेत बिस्किटं-चिवडा घेताना पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. तो ठिपका दुधाला आणि मधाला शाकाहारीच मानतो. घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन शोधा. ॲलर्जीची सूचना बहुधा ठळक अक्षरांत असते, ती वाचणं सगळ्यात झटपट. २०२२ च्या नियमांनी व्हीगन खाद्यपदार्थांना वेगळं चिन्ह दिलंय, पान फुटलेलं हिरवं 'व्ही', पण गावातल्या दुकानात ते क्वचितच दिसेल. बेकरीत खारी आणि नानकटाई सोडा, लादीपावाचं विचारून घ्या.

देवळात गेलात तर तीर्थ म्हणून पंचामृत आणि प्रसादाचा शिरा हातावर येणार. काय करायचं ते रांगेत लागण्याआधीच ठरवा; पुजाऱ्याशी तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. नारळाचा तुकडा मागितला तर मिळतो.

पैशांचं म्हणाल तर थाळीतून दही, गोड आणि तूप गेलं म्हणून कुणी दर कमी करत नाही, आणि तसं विचारूही नये. उलट तुमच्यासाठी वेगळी उकड काढली, वेगळं पातेलं चढवलं, तर त्याचे पैसे आपणहून विचारा. पुढच्या वेळी फोन केला की ओळख लागते.

परतताना कुळीथपीठ, कडवे वाल, काजूगर आणि आगळ घ्या, घरी महिनाभर निघेल. आगळाची बाटली झाकण घट्ट लावून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून उभी ठेवा, पांढऱ्या कपड्यांपासून लांब. तो डाग निघत नाही.