कॅरव्हॅनमधल्या दुर्गंधीचा शोध : या चुका टाळा

कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या फिरत्या घरात, घाण वास येतो म्हणून ती दुरुस्तीला घेऊन येणारी बहुतेक मंडळी तीन गोष्टी करून आलेली असतात. संडासात फिनेल ओतलेले असते, कपाटांत डांबरगोळ्या टाकलेल्या असतात आणि आत सुगंधी फवारा मारलेला असतो. यांपैकी कशानेही वास जात नाही. मात्र तो कुठून येतो हे ओळखण्याचे जे एकमेव चांगले साधन आपल्याकडे असते, म्हणजे आपले नाक, ते निकामी होते. मग आम्हाला दोन दिवस दारे-खिडक्या उघड्या ठेवून आधी तो सुगंध घालवावा लागतो आणि त्यानंतरच खऱ्या वासाचा शोध सुरू करता येतो.

आमच्या बेळगाव जिल्ह्यात हा शोध अधिकच किचकट होतो, कारण एकाच जिल्ह्यात दोन टोकांची हवा आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळ्यात भिंतींना ओल सुटते, तर अथणीकडे उन्हाळ्यात बादलीतले पाणीही बघता बघता आटते. त्यामुळे तीच कॅरव्हॅन खानापूरला उभी असताना कुबट वास मारते आणि अथणीला नेली की गटाराचा. दोन्हींची कारणे वेगळी असतात, उपायही वेगळे असतात. पण ‘वास येतो’ एवढ्या दोन शब्दांवर औषध मागणाऱ्यांना हा फरक ऐकून घ्यायचा नसतो.

ओतण्याआधी हुंगावे

माझी पद्धत अशी आहे. रात्री सगळ्या खिडक्या, टपावरची झडप आणि दार बंद करावे. सकाळी चहा-तंबाखूच्या आधी एकट्याने दार उघडून आत जावे आणि पहिल्या दोन-चार श्वासांत जे जाणवेल ते वहीत लिहून ठेवावे. पहिले श्वास महत्त्वाचे असतात, कारण काही मिनिटांतच नाक वासाला सरावते आणि मग सगळीकडे सारखेच वाटू लागते. सरावले असे वाटले की बाहेर मोकळ्या हवेत थांबून पुन्हा आत यावे. जमिनीलगत, कंबरेच्या उंचीवर आणि छताजवळ असे तिन्ही ठिकाणी हुंगावे. सिंकखालचे कपाट, पलंगाखालचा खण आणि न्हाणीची मोरी स्वतंत्रपणे उघडून पाहावी. वास केव्हा वाढतो हेही लिहावे : पाऊस पडून गेल्यावर, पंखा लावल्यावर, गरम पाणी सोडल्यावर की बॅटरी चार्जिंगला लावल्यावर. तंबाखू खाणाऱ्याने हे काम घरातल्या दुसऱ्या कोणावर सोपवावे, हे मी निपाणीकडच्या ग्राहकांना स्पष्ट सांगतो. या सगळ्याला एक सकाळ लागते आणि नेमकी तीच द्यायची लोकांची तयारी नसते.

सडक्या अंड्यांचा वास म्हणजे संडासच, असे धरून चालू नये

ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून ती आधी सांगतो. सडक्या अंड्यांसारखा किंवा कुजलेल्या कोबीसारखा वास कॅरव्हॅनमध्ये निदान चार ठिकाणांहून येऊ शकतो आणि त्यांपैकी दोन धोकादायक आहेत.

पहिले ठिकाण स्वयंपाकाचा गॅस. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एथिल मरकॅप्टन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो आणि म्हणूनच पलंगावर बसलेल्या माणसाला तो उशिरा जाणवतो. जमिनीलगत वास जास्त असेल, तर शोध तिथेच थांबवावा. कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि दूर जाऊन 1906 या क्रमांकावर कळवावे. नंतर सांधे तपासताना साबणाचा फेस वापरावा. काडी ओढून गळती शोधणारे लोक मी आजही पाहतो आणि मला त्याचा खरोखर संताप येतो. नळीवर मुदत छापलेली असते; ती उलटली असेल तर नळी वरून कितीही चांगली दिसली तरी बदलावी.

दुसरे ठिकाण इन्व्हर्टरची ॲसिड बॅटरी. चार्जर बिघडून ती गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊ लागली की हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो, बॅटरी तापते, कधी कधी फुगते. त्याच वेळी ठिणगीने पेट घेणारा हायड्रोजनही साचत असतो. म्हणून कॅरव्हॅनला जिथून वीज दिली आहे तिथला, म्हणजे बाहेरचाच स्विच बंद करावा आणि तापलेल्या बॅटरीला हात लावू नये. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असेल तर वास घेण्याची शक्तीच मारतो. त्यामुळे वास एकाएकी नाहीसा झाला म्हणून वायूही गेला, असा अर्थ काढणे चुकीचे आहे.

तिसरे ठिकाण गिझर. थंड पाण्याला वास नाही, पण गरम पाण्याला आहे, एवढी एक खूण पुरेशी असते. टाकीला गंज चढू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. बोअरच्या पाण्यातले सल्फेट, विशिष्ट जिवाणू आणि ही कांडी एकत्र आली की तो वास तयार होतो. टाकी पूर्ण रिकामी करून निर्जंतुक करावी आणि त्रास पुन्हा झाला तर ॲल्युमिनियम-जस्ताची कांडी बसवावी. कांडी काढून टाकणे हा सोपा मार्ग म्हणून सुचवला जातो, पण त्याने टाकी लवकर सडते. ही तिन्ही ठिकाणे तपासून झाल्यावरच चौथ्याकडे, म्हणजे संडास आणि मोरीकडे वळावे.

भांडे बदलले, टाकी धुतली, टपावर कोणी चढलेच नाही

एका दिवाळीनंतर चिकोडीकडच्या एका कुटुंबाची कॅरव्हॅन आमच्याकडे आली. गोव्याहून चोर्ल्याच्या रस्त्याने परतताना त्यांनी वाटेत मुक्काम केला होता आणि ती सगळी रात्र मैल्याच्या वासात काढली होती. प्रवासाला निघण्यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी संडासाचे भांडे बदलून घेतले होते, मैल्याची टाकी धुऊन घेतली होती आणि बाजारात मिळणारी महागडी औषधेही वापरली होती. ‘सगळं नवीन घातलंय, तरी वास येऊलाय,’ असे त्यांच्या आजी हताशपणे सांगत होत्या. वास दिवसभर येतो की ठरावीक वेळी, या प्रश्नाचे उत्तर घरातल्या पुरुषांना देता आले नाही. त्यांच्या सूनबाईंनी मात्र नेमके सांगितले : रात्री डासांमुळे खिडक्या बंद करून टपावरचा पंखा लावला की वास सुरू होतो आणि पंखा बंद करून दार उघडले की कमी होतो. निम्मे निदान तिथेच झाले.

टपावरचा पंखा आतली हवा बाहेर फेकतो. खिडक्या बंद असतील तर तेवढी हवा दुसरीकडून आत ओढली जाते, आणि भांड्याच्या झडपेतून किंवा मोरीतून येणारी वाट तिला सर्वात जवळची असते. टाकीतला वायू बाहेर जावा म्हणून टाकीपासून टपापर्यंत व्हेंट पाइप असतो. तो मोकळा असेल तर त्रास कमी होतो आणि तुंबला असेल तर सगळा वायू आतच येतो. आम्ही शिडी लावून टपावर चढलो आणि पाइपाची टोपी काढली. आत कुंभारमाशीने घर केले होते. करंगळीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या एकमेकींना चिकटलेल्या, वाळून कडक झालेल्या, आणि हवा जायला बोटभरही जागा उरलेली नव्हती. माती टाकीत पडू नये म्हणून चिंध्यांचा बोळा दोरीला बांधून आधी पाइपात खाली सोडला, मग पेचकसाने एकेक नळी फोडून चिमट्याने बाहेर काढली आणि शेवटी दोरी ओढून बोळ्यासकट उरलेला चुरा वर घेतला. टोपीखाली स्टीलची जाळी बसवली. नवे भांडे, औषधे आणि मजुरी यांवर आधी झालेला सगळा खर्च वाया गेला होता, कारण कोणालाही टपावर चढावेसे वाटले नव्हते. जाळीही धुळीने तुंबते, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर ती पाहावी. फ्लश करताना पंखा बंद ठेवावा, तो चालू असताना एखादी खिडकी जाळीसह उघडी असावी आणि भांड्याच्या झडपेवर नेहमी थोडे पाणी असावे. झडपेच्या रबराला सिलिकॉनचे वंगण लावावे. व्हॅसलीन किंवा खाद्यतेल लावल्यास रबर फुगते आणि लवकर निकामी होते.

फिनेलबद्दलही एकदा स्पष्ट लिहितो. टाकीतला मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात, मैला तसाच राहतो आणि वास वाढतो. टाकीला हवे असते ते पाणी. रिकामी केल्यावर तळ झाकेल इतके पाणी लगेच घालावे आणि मोठी टाकी असेल तर ती निदान दोन-तृतीयांश भरेपर्यंत खालचा व्हॉल्व्ह बंदच ठेवावा. व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवला की पाणी वाहून जाते, घट्ट मैला तळाशी साचून वाळतो आणि मग तो कोणत्याही औषधाने सुटत नाही. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र ओतणे तर थेट विषबाधेला आमंत्रण आहे, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

गटाराचा वास, पण संडासाजवळ नाही

सिंक आणि न्हाणीच्या मोरीखालच्या ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या नळाच्या वळणातले, पाणी आटले की हा वास येतो. कॅरव्हॅन उन्हाळ्यात उभी राहिली किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावरून हिंदकळत गेली की ते पाणी राहत नाही. मुक्कामाला पोहोचताच प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतावे; दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर पाण्यावर चमचाभर गोडेतेल सोडावे, म्हणजे पाणी सावकाश आटते. तरीही वास राहिला तर सिंकखालचा हवेचा छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे का ते पाहावे.

ऊन दाखवून कुबट वास जात नाही

पावसाळाभर ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली कॅरव्हॅन दसऱ्याला उघडायची, गाद्या उन्हात टाकायच्या आणि काम झाले असे मानायचे, ही आमच्याकडची सर्वात जुनी चूक आहे. उन्हाने गादी सुकते. भिंतीतला प्लाय सुकत नाही. खानापूर तालुक्यातल्या एका कॅरव्हॅनचा वास दर रात्री परत येई. मालकाने पलंगाच्या डोक्याकडची खिडकी दोषी ठरवून तिच्याभोवती सिलिकॉनचे थरावर थर चढवले होते. प्रत्यक्षात पाणी टपाच्या कडेवरच्या पट्टीच्या एका स्क्रूमधून शिरत होते, चौकटीवरून वाहत पुढे जात होते आणि पलंगाखाली झिरपत होते. पाणी जिथे दिसते तिथेच शिरलेले असते, असे कधीही समजू नये.

अंगठ्याने प्लाय दाबत जावे. चांगला प्लाय दबत नाही. सडलेला दबतो आणि बोट काढल्यावर खळगा तसाच राहतो. ठोकून पाहिले तर आवाजही बोदा येतो. मग एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपाने पाणी सोडावे, तेही खालच्या सांध्यापासून सुरुवात करून हळूहळू वर जात. सुरुवातीलाच टपावर पाणी सोडले तर ते सगळ्या सांध्यांवरून वाहते आणि काहीच कळत नाही. गळका सांधा सापडला की जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढावे, कारण त्यावर नवे चिकटत नाही, आणि पट्टी उघडून खाली ब्युटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, घालून ती परत बसवावी. सडलेला प्लाय कापून काढण्याला पर्याय नाही. वरून रंग देऊन तो लपवणे ही मी फसवणूक मानतो. ताडपत्रीऐवजी छपराखाली, खिडक्यांच्या फटी उघड्या ठेवून गाडी उभी करावी आणि गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी टाकावी, कारण झोपलेल्या माणसाच्या अंगाची वाफ थंड फळीवर तिथेच गार होऊन साचते.

बाकीच्या चुका

सुकटीसारखा वास आला की गोव्याहून आणलेल्या मासळीला दोष दिला जातो, पण तापलेल्या वायरी, सॉकेट आणि प्लग यांच्या प्लास्टिकचा वासही तसाच असतो. वीज बंद करून वायरमनला बोलवावे. गॅसवर चालणाऱ्या परदेशी फ्रिजच्या मागून डोळ्यांना झोंबणारा वास आणि पिवळसर डाग दिसले तर अमोनिया गळतो आहे, फ्रिज बंद करावा. मेलेल्या उंदराचा वास औषधाने जात नाही, उंदीर शोधावाच लागतो.

नव्या कॅरव्हॅनचा ‘नवेपणाचा’ वास कौतुकाने हुंगत बसू नये. तो बराचसा प्लायच्या गोंदातला फॉर्मल्डिहाइड असतो. अमेरिकेत 2005 च्या कॅटरिना वादळानंतर बेघरांना दिलेल्या ट्रेलरांत हाच वायू घरांतल्या नेहमीच्या पातळीपेक्षा जास्त असल्याचे तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने 2008 मध्ये जाहीर केले होते. बांधून घेतानाच ई-0 किंवा ई-1 दर्जाचा, म्हणजे हा वायू कमी सोडणारा, प्लाय मागावा आणि पहिले काही महिने ती भरपूर उघडी ठेवावी.

मैल्याची टाकी ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर रिकामी करू नये. कणकुंबीला तर मलप्रभेचा उगमच आहे. लॉज किंवा ढाब्याच्या मालकाची परवानगी घेऊन त्यांच्या संडासात ती रिकामी करावी, मैला सोडायची नळी तिथेच धुऊन घ्यावी, तिच्या दोन्ही तोंडांना टोप्या लावाव्यात आणि ती पलंगाखाली न ठेवता बाहेरच्या स्वतंत्र पेटीत ठेवावी.