जुन्या ब्राउझरसाठी व्हर्च्युअल मशीन: चाचणीच्या कामातील अनुभव

२०१७ साली मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागलो, तेव्हा माझ्याकडे आलेले पहिले स्वतंत्र काम एका गावच्या दूध संस्थेचे होते. उत्पादकाच्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) भरून दहा दिवसांचे बिल काढणारे ते वेब पान मी नव्या क्रोमवर तयार केले, खिडकी लहान-मोठी करून तपासले आणि समाधानाने संस्थेला दिले. दुसऱ्याच दिवशी सचिवांचा फोन आला, “साहेब, सकाळपासनं बटण दाबतोय, पण बिल काय निघंना.”

संस्थेत जाऊन पाहिले, तर संगणकावर विंडोज एक्सपी होते आणि त्यावर क्रोम ४९. एक्सपीसाठी निघालेली क्रोमची ती शेवटची आवृत्ती. माझ्या पानाची मांडणी सीएसएस ग्रिडवर, म्हणजे पान रकान्यांत मांडण्याच्या नव्या पद्धतीवर उभी होती आणि ग्रिड क्रोममध्ये ५७व्या आवृत्तीपासून आले, त्यामुळे सर्व रकाने एकाखाली एक कोसळले होते. बटण बंद पडण्याचे कारण अधिक शिकवणारे होते. मी एका ठिकाणी ‘असिंक’ फंक्शन, म्हणजे उत्तराची वाट पाहताना बाकीचे काम न अडवणारे फंक्शन लिहिले होते, जे क्रोमला ५५पासून कळते. ब्राउझरला न कळणारी वाक्यरचना एका ओळीत जरी आली, तरी तो ती संपूर्ण फाइल नाकारतो, म्हणून त्या फाइलमधील इतर निर्दोष कामेही थांबली होती. नसलेले फंक्शन पॉलिफिलने, म्हणजे ती उणीव भरून काढणाऱ्या जोडकोडने पुरवता येते, परंतु न कळणारी वाक्यरचना बेबलसारख्या साधनाने जुन्या रूपात बदलूनच द्यावी लागते.

नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे की, क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये मोबाइलचे किंवा दुसऱ्या ब्राउझरचे नाव निवडल्याने पडद्याचा आकार आणि ब्राउझर सांगत असलेली ओळख बदलते, मात्र पान रंगवणारे इंजिन तुमच्याच नव्या क्रोमचे राहते. जुन्या इंजिनाचे वागणे पाहायचे असेल, तर ते इंजिनच चालवले पाहिजे, आणि त्यासाठी वेगळा संगणक विकत घेण्याची गरज नसते.

आपल्याच संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने दुसरा संगणक उभा करता येतो, त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात; त्यासाठी मी व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर वापरले. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन सुरू केल्यानंतर कंपनीच्या जुन्या, परवाना असलेल्या सीडीवरून एक्सपी बसवले. त्याला ५१२ एमबी रॅम पुरली. नेटवर्कसाठी मी ‘होस्ट-ओन्ली’ हा पर्याय निवडला, ज्यात हे यंत्र इंटरनेटशी न जोडता मूळ संगणकाशीच जोडले जाते, कारण एक्सपीला २०१४च्या एप्रिलनंतर सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या मिळालेल्या नाहीत आणि असे यंत्र इंटरनेटवर मोकळे सोडणे मला आजही धोक्याचे वाटते. या पर्यायात आपला मूळ संगणक सहसा १९२.१६८.५६.१ या पत्त्यावर सापडतो, परंतु आपला सर्व्हर केवळ १२७.०.०.१ वर, म्हणजे संगणकाच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर ऐकत असेल तर पान उघडत नाही. नवख्यांचा बराच वेळ येथेच जातो. इंटरनेट नसल्यामुळे एक लाभही झाला. माझे पान बाहेरून आणत असलेला फॉन्ट आणि एक लायब्ररी (तयार कोडचा संच) लगेच उघडी पडली आणि ती दोन्ही मी आमच्याच सर्व्हरवर ठेवली.

त्यानंतरची पायरी मराठी वाचकासाठी विशेष महत्त्वाची आहे. एक्सपीमध्ये प्रादेशिक सेटिंगमधून जटिल लिप्यांच्या (देवनागरीसारख्या, अक्षरे जुळवून दाखवाव्या लागणाऱ्या लिप्यांच्या) फाइल बसवल्या नसतील, तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या चुकीच्या बाजूला दिसू शकतो आणि जोडाक्षरे फुटतात. माझा चाचणीचा शब्द ‘शेतकऱ्यांचे’ हा ठरलेला आहे, कारण त्यातील अर्धा र, य आणि अनुस्वार एकाच वेळी तपासले जातात. उत्पादकाच्या हाती जाणाऱ्या बिलावर त्याचे नाव तुटके छापले जाणे मला हिशोबातील चुकीइतकेच गंभीर वाटते. म्हणून मी चाचणी दोनदा करतो, एकदा या फाइल असताना आणि एकदा नसताना.

ब्राउझर बसवून त्याचे आपोआप होणारे अपडेट बंद केले की लगेच स्नॅपशॉट, म्हणजे यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद घ्यावी आणि प्रत्येक चाचणीनंतर त्या स्थितीवर परतावे. अन्यथा आधीच्या चाचणीची कॅशे आणि कुकी, म्हणजे ब्राउझरने साठवलेली माहिती पुढच्या निकालात मिसळते. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्या मोझिलाच्या संग्रहात मिळतात आणि प्रत्येकीला वेगळी प्रोफाइल (सेटिंग व माहितीचा वेगळा संच) दिल्यास एकाच विंडोजवर अनेक आवृत्त्या नांदतात. इंटरनेट एक्स्प्लोररचे तसे नाही: एका विंडोजवर त्याची एकच आवृत्ती राहते, त्यामुळे आठ आणि अकरा दोन्ही तपासायच्या असतील तर दोन यंत्रे करावी लागतात.

त्या संस्थेचे पान ग्रिड काढून साध्या टेबलवर नव्याने मांडायला मला चार दिवस लागले. पुढे संस्थेने विंडोज ७ असलेला संगणक घेतला, आणि त्यावर क्रोम १०९च्या पुढे जात नाही, म्हणून माझ्याकडे आता एक्सपीच्या जोडीला विंडोज ७चेही एक यंत्र कायम तयार असते.