पहिला परिच्छेद खोडून बघा

लेख लिहून झाला की पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. दहातल्या आठ वेळा लेख तिथूनच सुरू व्हायला हवा होता, असं लक्षात येतं. पहिल्या परिच्छेदात आपण नुसता घसा साफ करत असतो.

ठाण्यावर लिहायचं तर 'ठाणे हे ऐतिहासिक शहर असून येथे अनेक तलाव आहेत' हे वाक्य वाचून कोण थांबेल? त्यापेक्षा १६ एप्रिल १८५३ च्या दुपारी बोरीबंदरहून साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं जोडून निघालेली गाडी थेट ठाण्यात आणून उभी करा. इतिहास आपोआप मागून येतो. किंवा तलावपाळीवर संध्याकाळी भेळवाला कांदा कसा चिरतो, तिथून सुरुवात करा. (तो कांदा मी रोज बघतो, पण लिहायला बसलो की 'निसर्गरम्य परिसर' असंच सुचतं!)

मग लेख मोठ्याने वाचा. लोकलच्या गर्दीत शेजाऱ्याला सांगताना 'सदर', 'उपरोक्त' म्हणणार नसाल, तर ते शब्द काढा. आणि मोबाइलवर एकदा बघाच. कागदावरचा पाच ओळींचा परिच्छेद तिथे अख्खा पडदा व्यापतो.