बॅन्शी ३५०: नवा पिस्टन घालण्याआधी हवा कुठून शिरते ते शोधा

यामाहाची वायएफझेड ३५० बॅन्शी ही चार चाकांची ऑफ-रोड गाडी (एटीव्ही) अमेरिकेत १९८७ ते २००६ या मॉडेल वर्षांत विकली गेली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं इंजिन, सहा गिअर, फक्त किक, आणि रिव्हर्स नाही. इंजिन यामाहाच्याच आरझेड ३५० मोटरसायकलवरून आलेलं. आपल्याकडच्या राजदूत ३५० चा, म्हणजे आरडीचा, बोअर-स्ट्रोकही (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) हाच: ६४ × ५४ मिमी. म्हणून आरडीवर हात बसलेल्या माणसाला बॅन्शी लगेच ओळखीची वाटते, आणि पहिली चूक तिथेच होते. आरडीला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप होता, बॅन्शीला नाही. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून भरायचं. नुसतं पेट्रोल भरलं तर इंजिन सीझ होणार, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटणार म्हणजे चिकटणारच.

कंपनीच्या पुस्तकात प्रमाण २४:१ आहे. चांगलं सिंथेटिक टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल असेल तर बरेच जण ३२:१ वर चालवतात. १२ लिटरच्या भरलेल्या टाकीला २४:१ साठी ५०० मिली आणि ३२:१ साठी ३७५ मिली ऑइल लागतं. अमेरिकेतल्या पाच गॅलनच्या कॅनला (सुमारे १९ लिटर) ३२:१ ने ५९० मिली. मिसळायचं ते कॅनमध्ये, टाकीत नाही. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, आणि कॅन नीट हलवायचा. ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून) पेट्रोल थोडं कमी जातं, म्हणून प्रमाण बदललं की स्पार्क प्लगचा रंग पुन्हा बघावा लागतो. कुठलंही एक प्रमाण धरा आणि त्यावरच राहा.

ट्रेलवर नेण्यापूर्वी

ही गाडी मुळात वाळूत आणि मोकळ्या मैदानात पळणारी. ताकद वरच्या आरपीएमला येते, खाली जीव कमी. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्ससारख्या डोंगराळ, दगडी, वळणांच्या वाटेवर मूळ १४/४१ स्प्रॉकेटवर (चेनची दातेरी चाकं, पुढे १४ आणि मागे ४१ दात) सारखा क्लच घासावा लागतो. पुढचं स्प्रॉकेट १३ दातांचं घाला. गुणोत्तर २.९३ वरून ३.१५ होतं, वरचा वेग थोडा जातो, पण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चढ ओढते. जंगलवाटांसाठी हा बदल महागड्या एक्झॉस्ट पाइपपेक्षा जास्त उपयोगी आहे.

टायरमध्ये हवा साधारण ४ पीएसआय ठेवा. दगड जास्त असतील तर ५-६. मोटरसायकलचं प्रेशर गेज इथे चालत नाही, इतका कमी दाब ते नीट दाखवतच नाही. कमी दाबाचं गेज वेगळं घ्या. मागच्या अ‍ॅक्सलचे दोन लॉकनट दर राइडआधी बघा. ते सैल पडायला कुप्रसिद्ध आहेत, आणि एकदा खेळ आला की अ‍ॅक्सलचे दातेच खाल्ले जातात. नट बसवताना लाल थ्रेडलॉकर लावा आणि पान्यावर लांब पाइप चढवून एकमेकांवर आवळा. अमेरिकी फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर जायचं असेल तर सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) लागतोच. हॅटफिल्ड-मॅकॉयला परमिट आणि हेल्मेट दोन्ही सक्तीचं आहे.

चालवताना इंजिन कसं सांभाळायचं

गाडी सुरू झाली की लगेच पळवू नका. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडरची स्लीव्ह बिडाची आणि तिच्याभोवती गार पाणी. पिस्टन भराभर फुगतो, स्लीव्ह तितक्या वेगाने फुगत नाही, आणि पिस्टन चार ठिकाणी घासून चिकटतो. सिलिंडरचा वरचा भाग आणि रेडिएटरकडे जाणारी नळी हाताला चांगली कोमट लागेपर्यंत थांबायचं.

लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद आणि गाडी गिअरमध्ये, हा टू-स्ट्रोकचा खरा शत्रू. फोर-स्ट्रोकची सवय असलेले इंजिन ब्रेकिंगवर उतरतात. इथे चाकं इंजिनाला जोरात फिरवत असतात, पण पेट्रोल फार कमी आत जातं आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही तितकंच कमी. उतारावर ब्रेकवर भर द्या, मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटलला एक-दोन झटके द्या.

रेडिएटरला पंखा नाही. हळूहळू दगडांतून सरकताना पाणी तापतं, आणि जाळीत चिखल भरला असेल तर फारच लवकर. थांबलात की जाळी बोटांनी, नाहीतर बाटलीतल्या पाण्याने मोकळी करा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पत्रे वाकतात.

चढावर गाडी बंद पडली तर पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि डोंगराच्या बाजूला उतरा. मागे घरंगळू द्यायची नाही, मागचा ब्रेक एकदम लागला तर गाडी मागे उलटते. क्लच पूर्ण दाबून गिअरमध्येही किक लागते, तिरक्या जागी न्यूट्रल शोधत बसू नका.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किक मारून बघायचा मोह टाळा. पेट्रोल कॉक बंद करा, दोन्ही प्लग काढा, एअरबॉक्स उघडून पाणी काढा, स्विच बंद ठेवून पाणी उडायचं थांबेपर्यंत किक मारा. फ्लोट बाउल (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाट्या) रिकामे करा, मग कोरडे प्लग लावा. राखीव प्लग खिशात असायलाच हवेत: एनजीके बीआर८ईएस, गॅप ०.७ ते ०.८ मिमी.

सीझ झाल्यावर

पिस्टन गेला की लोक नवा पिस्टन, नव्या रिंगा घालतात, आणि महिन्याभरात तोच सिलिंडर परत जातो. बॅन्शीचं इंजिन क्वचितच जोरात चालवल्यामुळे मरतं. ते मरतं कुठून तरी जादा हवा ओढल्यामुळे. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं, जळण जास्त तापतं आणि ऑइलही कमी पोचतं. ही गळती सापडेपर्यंत नवा पिस्टन घालणं म्हणजे पैसे जाळणं.

जुना पिस्टन फेकू नका, तो बरंच सांगतो. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर मिश्रण पातळ होतं. चार कोपऱ्यांत सारखे ओरखडे असतील तर थंड इंजिन पळवलंय, नाहीतर बोअर पिस्टनला घट्ट ठेवलाय. इनटेकच्या बाजूला ओरखडे असतील तर धूळ किंवा ऑइलची कमतरता, आधी एअर फिल्टर आणि त्याची सीट बघा. माथ्याच्या कडेला वाळूने मारल्यासारखे बारीक खड्डे म्हणजे डेटोनेशन (मिश्रण स्फोटासारखं भडकणं): हेड जास्त घासलेलं, पेट्रोल कमी ऑक्टेनचं किंवा टायमिंग फार पुढे.

हवा ओढत असल्याच्या खुणा इंजिन उघडण्याआधीही दिसतात. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नाही, वर लटकतो. दोन प्लगचे रंग वेगळे पडतात. पण रंगातला फरक दुसऱ्या कारणानेही येतो: दोन मिकुनी कार्बच्या स्लाइड (थ्रॉटलने वर उचलल्या जाणाऱ्या झडपा) एकाच वेळी उचलल्या जात नसतील तर मागे राहणाऱ्या सिलिंडरला कमी मिळतं. एअरबॉक्सची रबरं काढून दोन्ही स्लाइडखाली सारख्या जाडीचे ड्रिल बिट ठेवा आणि थ्रॉटल अगदी हळू दाबा. दोन्ही एकाच क्षणी सुटले पाहिजेत. नाही सुटले तर केबलचे अ‍ॅडजस्टर फिरवा.

प्रेशर टेस्ट अशी करा. कार्ब आणि पाइप काढा. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबरी बुचांनी बंद करा. एका इनटेक रबरात बंद बूच, दुसऱ्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं बूच. दोन्ही इनटेकना जोडणारी आडवी नळी काढू नका, तीही तपासायची आहे. प्लग लावलेले असू द्या. हातपंपाने ६ पीएसआय हवा भरा, जास्त नाही, नाहीतर क्रँकचे सील बाहेर येतील. सहा मिनिटं तरी दाब टिकला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावा: इनटेक रबरं, ती आडवी नळी, रीड केजचं (इनटेकच्या पातळ पट्ट्यांच्या झडपेचं) गॅस्केट, सिलिंडरच्या बुडाचं गॅस्केट, प्लग. डाव्या बाजूचं कव्हर काढून फ्लायव्हीलमागच्या क्रँक सीलवरही फवारा. ती आडवी नळी उन्हाने तडकते आणि कोणी तिकडे बघतच नाही. सगळ्यात आधी तीच वाकवून बघा.

कुठेच बुडबुडा नाही आणि तरीही दाब उतरतोय? गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळीचं टोक साबणाच्या पाण्यात धरा. बुडबुडे आले तर क्लचच्या बाजूचं, म्हणजे उजवं सील गेलंय. त्याची दुसरी खूण: उजव्या पाइपातून पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी होत जाणं. रेडिएटरचं झाकण उघडून आत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट.

वरचं काम

कूलंट काढून हेडचे नट आडवे-तिडवे, थोडे-थोडे सैल करा. सिलिंडर उचलला की लगेच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा. एक सर्क्लिप (पिस्टनची पिन अडवणारी छोटी तारेची कडी) आत पडली तर पूर्ण इंजिन खोलावं लागतं. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा. बाजूला थोडा खेळ चालतो, वर-खाली अजिबात नको. असेल तर क्रँक बाहेर काढायचा, वरचं काम तिथेच थांबवायचं.

बोअर तीन उंचीवर आणि दोन दिशांनी मोजा. वर-खाली फरक ०.०५ मिमीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या साइजला बोअर करा. आधी पिस्टन आणा, मग लेथवाल्याला सिलिंडर द्या, म्हणजे तो हातातल्या पिस्टनवर बोअर करेल. मूळ धर्तीच्या ओतीव पिस्टनला ०.०६० ते ०.०६५ मिमी जागा. फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो, त्याला डब्यावर लिहिलेली जास्त जागाच द्या. होनिंगनंतर (सिलिंडरच्या आतल्या बारीक घासणीनंतर) पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या खिडक्यांच्या, कडा हलक्या घासून गोल करून मागा. हे बहुतेक ठिकाणी राहून जातं आणि धारदार कडेला रिंग अडकून तुटते. सिलिंडर घरी आणून गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत धुवा. मग लगेच टू-टी ऑइल चोळा, बीड मिनिटांत गंजतं.

रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून फीलर गेजने फट मोजा: ०.३० ते ०.४५ मिमी. रिंगेवरचं अक्षर वर, फट पिस्टनच्या रिंगखाचेतल्या बारीक पिनवर, पिस्टनवरचा बाण पुढे, एक्झॉस्टकडे. सर्क्लिप नव्याच, त्यांचं तोंड खाचेसमोर नको, सरळ वर किंवा सरळ खाली. सिलिंडर खाली सरकवताना फिरवू नका, रिंगेचं टोक पोर्टमध्ये घुसतं. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने १०, मग २०, मग २८ न्यूटन-मीटर.

सगळं जोडल्यावर, कार्ब लावण्याआधी, प्रेशर टेस्ट पुन्हा. मग कूलंट भरा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन थोडं चालवा, आतली हवा बाहेर येऊ द्या आणि पातळी परत भरा.

जेटिंग आणि पहिला टँक

मूळ जेट: मेन (जास्त थ्रॉटलचा) २००, पायलट (आयडलजवळचा) २५. पाइप बदलला किंवा एअरबॉक्सचं झाकण काढलं तर हे आकडे विसरा. मुद्दाम मोठा मेन जेट घालून सुरुवात करा आणि वर आरपीएमला गाडी गुरगुरायची थांबेपर्यंत एकेक पायरी खाली या. गॅरेजात उन्हाळ्यात बरोबर केलेलं जेटिंग थंडीच्या सकाळी पातळ पडतं, कारण थंड हवा दाट असते. उलट उंच डोंगरावर तेच जेटिंग जाड पडून गाडी मिसिंग करते.

जोडणीनंतर तीनदा इंजिन कोमट होईपर्यंत चालवून पूर्ण थंड होऊ द्या. मग गार इंजिनावर हेडचे नट पुन्हा २८ ला आवळा. पहिला टँक थ्रॉटल कमी-जास्त करत, पूर्ण न उघडता संपवा. त्यानंतर नवे प्लग घालून मोकळ्या जागी वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल काही सेकंद, आणि त्याच क्षणी क्लच दाबून स्विच बंद. प्लग काढून पोर्सेलिनच्या अगदी मुळाशी टॉर्चने बघा. फिकट तपकिरी कडं हवं. पांढरं दिसलं तर पुढे चालवू नका, जेट एक-दोन पायऱ्या मोठा करा आणि पुन्हा बघा.