पीएच.डी.च्या बाह्य परीक्षकांची नावे सुचवताना

ठाणे किंवा नवी मुंबईतील एखाद्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात विद्यार्थ्याचा प्रबंध पूर्ण होत आला, की मार्गदर्शकाकडे परीक्षकांच्या नावांची यादी मागितली जाते. ती बहुधा घाईघाईत, ओळखीपाळखीवर तयार होते. खरे तर हे काम सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) सादर होण्याआधीच हाती घ्यावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात. ते पदवी देणाऱ्या संस्थेच्या सेवेत नसावेत, त्या विषयातले त्यांचे संशोधनलेखन चांगले असावे आणि शक्य असेल तेथे त्यांपैकी एक परदेशातील असावा. अंतिम निवड मार्गदर्शकाच्या हातात नसते. यादीतल्या शेवटच्या नावावरही शिक्कामोर्तब होऊ शकते, म्हणून भरतीचे असे एकही नाव घालू नये.

परीक्षक विषयाच्या मथळ्यावरून नव्हे, तर संशोधनपद्धतीवरून शोधावा. समजा, प्रबंध ठाणे खाडीच्या गाळातील जड धातूंवर आहे. ही खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्यामुळे पाणथळ जागांचा एखादा नामवंत अभ्यासक चटकन आठवतो. परंतु ज्याची हयात रोहित पक्ष्यांच्या गणनेत गेली, तो गाळाचे नमुने किती खोलीवरून घेतले, कणांच्या आकाराचा परिणाम कसा वगळला आणि तुलनेसाठी मूळ पातळी कोणती धरली, हे नेमके प्रश्न विचारीलच असे नाही. ते प्रश्न कोचीच्या किंवा हुगळीच्या खाडीमुखावर तेच काम केलेला संशोधक विचारील, मग त्याने ठाणे पाहिलेले नसले तरी बिघडत नाही. अशी नावे प्रबंधाच्याच संदर्भसूचीत, विशेषतः पद्धतीच्या प्रकरणात सापडतात. त्या व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर उघडून पाहावेत. मतभेद असलेला परीक्षक टाळण्याचे कारण नाही. मात्र ती पद्धतच ज्याला मान्य नाही, त्याच्याकडे प्रबंध पाठवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर हितसंबंध तपासावेत. सहलेखक, एकाच प्रकल्पातील सहकारी, नातेवाईक आणि स्वतःचे गुरू (हे नाव सर्वांत आधी ओठांवर येते) यांना वगळावे. वाशी, खारघर, ठाण्यातील चर्चासत्रांत तीच ती मंडळी भेटत असल्याने शेजारच्या महाविद्यालयातील स्नेही सुचवण्याचा मोहही आवरावा. व्हायवा (तोंडी परीक्षा) ऑनलाइन घेता येत असल्यामुळे अंतराची सबब आता उरलेली नाही.

मूल्यमापनाची सारी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी, अशी नियमाची अपेक्षा आहे. त्यामुळे, विद्यापीठाची पद्धत परवानगी देत असेल तर, वेळ आहे का एवढेच मार्गदर्शकाने आधी विचारून घ्यावे. विद्यार्थ्याने परीक्षकाशी कोणताही संपर्क साधू नये. यादीत प्रत्येकाचे सध्याचे पद, संस्थेचा ई-मेल आणि दूरध्वनी ताजा असावा, आणि निवृत्ती जवळ आली असल्यास पर्यायी ई-मेलही द्यावा, कारण निवृत्तीनंतर संस्थेचा पत्ता बंद झाला, तर विद्यापीठाचे पत्र पोहोचतच नाही.