खुब्याच्या ऑपरेशननंतर आजींना घरी आणताय? या चुका टाळा

"उद्या सोडतो," असं डॉक्टर म्हणाल्यावर तयारीला लागणं ही पहिली चूक. ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घरी कोणीतरी टेप घेऊन बसा. बाथरूमचं दार किती रुंद आहे? वॉकर आत जातो का? पलंग बुटका आहे का? गुडघ्यापेक्षा खाली बसायचं नसेल, तर भारतीय संडास बंदच. कमोड खुर्ची आधी आणून ठेवा. वॉकर, फाउलर कॉट (डोक्याची-पायाची बाजू वर करता येणारा पलंग), एअर बेड (पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी) विकत घ्यायची घाई नको. अनेक गावांत संस्था आणि गणेश मंडळं रुग्णोपयोगी साहित्य अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात.

सगळ्यात जास्त घोळ गोळ्यांचा होतो. घरच्या डब्यात टेल्मिसार्टन या बीपीच्या औषधाची एका कंपनीची पट्टी असते, डिस्चार्ज कार्डावर तेच औषध दुसऱ्या नावाने लिहिलेलं असतं. आजी दोन्ही घेतात, बीपी उतरतं, चक्कर येते आणि पुन्हा पडतात. म्हणून जुना डबा हॉस्पिटलमध्येच घेऊन जा. पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव वाचत प्रत्येक गोळी डॉक्टरांसमोर "चालू की बंद" विचारा आणि कार्डावर लिहून घ्या. रक्त पातळ ठेवणारं औषध किती दिवस, ही तारीख तर हवीच. "आता चालायला लागल्यात" म्हणून ते मध्येच सोडून देणारे खूप आहेत, आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका तेव्हा टळलेला नसतो.

ब्युरोकडून आजींची काळजी घेणारी मावशी ठरवताना फक्त 12 तास की 24 तास एवढंच विचारू नका. आजींना उठवून खुर्चीत बसवणं तिला येतं का, ते फिजिओथेरपिस्टसमोर करून घ्या. ते घरच्या एकानेही शिकायलाच हवं, कारण मावशी सुट्टी घेणारच.

आरोग्य विमा कॅशलेस (बिल विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते असा) असेल तर बिल आदल्या संध्याकाळीच तयार करायला सांगा. विमा कंपनीने अंतिम मंजुरी 3 तासांत द्यावी असा आयआरडीएआयचा (विमा नियामक संस्थेचा) 2024 चा नियम आहे, पण हॉस्पिटलने कागद पाठवल्याशिवाय घड्याळ सुरू होत नाही. घरी आल्यानंतरची औषधांची, तपासण्यांची बिलंही जपा. बऱ्याच पॉलिसींत त्यांचे पैसे मिळतात.

पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला तर सरळ 108.