जुन्या ट्रकचे मंद हेडलाइट
आमच्या जुन्या ट्रकचे हेडलाइट इतके मंद झाले होते की रात्री घाट उतरताना रस्त्याची कडा दिसत नसे. बल्ब बदलूनही फरक पडेना, तेव्हा इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला: बॅटरीवर २७ व्होल्ट, सॉकेटवर जेमतेम २२. दोन्ही बल्बांचा सुमारे ६ अँपिअर प्रवाह डॅशबोर्डच्या ज्या स्विचमधून जात होता, त्याचे पॉइंट जळून काळे पडले होते. म्हणून २४ व्होल्टचे दोन रिले, म्हणजे थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारे विजेचे स्विच, बसवले, बॅटरीपासून जाड वायर थेट त्यांना दिली आणि स्विचकडे फक्त रिले चालवण्याचे काम ठेवले. चासीवरचा अर्थिंगचा गंजलेला बोल्ट पॉलिश पेपरने चकचकीत घासून आवळल्यावर सॉकेटवर २६ व्होल्ट मिळाले. फ्यूज मात्र बॅटरीला लागूनच घालावा. पुढे कुठे वायर घासून शॉर्ट झाली, तर तोच गाडी वाचवतो.